मातृभाषेचा रकाना आणि आमची सोय

महाराष्ट्रात ‘सीमाप्रश्न’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बेळगाव, निपाणी, कारवार उभे राहतात. ते स्वाभाविकच आहे. तिकडच्या मराठी माणसाने सोसले फार आणि लढाही दीर्घ दिला. पण महाराष्ट्राला उत्तरेसही एक सीमा आहे आणि तिच्या पलीकडेही मराठी बोलली जाते, हे त्यामुळे सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. १९५६ पूर्वी विदर्भ आणि आमचा हा मुलूख एकाच प्रांतात होता. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्याच्या राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. निमाड, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट हे नव्या मध्य प्रदेशात राहिले. जिल्ह्यांच्या जुन्या सरहद्दी होत्या त्याच बहुतांशी राज्यांच्या सरहद्दी झाल्या. गाव हा घटक धरून कुणी मोजणी केली नाही.

देडतलाई हे याच सरहद्दीवरचे गाव. पूर्वी खंडवा जिल्ह्यात, १५ ऑगस्ट २००३ पासून बऱ्हाणपूर जिल्ह्यात. इथून धारणी जवळ, आणि धारणी म्हणजे अमरावती जिल्हा, मेळघाट. इकडे ज्याला पटवारी म्हणतात त्यालाच तिकडे तलाठी म्हणतात. इकडची तहसील तिकडे तालुका होते. जवळच्या तुकईथडहून मेळघाटाच्या जंगलातून अकोल्याकडे जाणारी मीटरगेज गाडी होती, तीही बंद होऊन आता काही वर्षे लोटली. तरी लग्ने जुळतात, बैल विकले जातात, दवाखान्यासाठी माणसे इकडून तिकडे जातात. या व्यवहारात मराठी आहे, हिंदी आहे, निमाडी आहे, आणि कोरकू आहे. चौथ्या भाषेचे नाव आम्ही शेवटी घेतले. वस्तुतः या डोंगरपट्ट्यात ते प्रथम घ्यावयास हवे.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही काही मित्र देडतलाईत आणि आसपासच्या गावांत एक निवेदन फिरवीत आहोत. मागण्या साध्या आहेत. जिथे पुरेशी मराठी मुले आहेत तिथे प्राथमिक शाळेत मराठी माध्यमाचा वर्ग असावा, आणि शासकीय सूचना मराठीतही लावल्या जाव्यात. या मागण्यांना आधार आहे. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्ये घातलेले ‘३५० अ’ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. त्याही आधी, १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक मोजमाप ठरले होते: शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यावा. सूचना आणि नियम यांच्या भाषांतरासाठी पंधरा टक्के लोकसंख्येचे प्रमाण पुढे मान्य झाले. साठ टक्के असतील तर त्या जिल्ह्यात ती भाषा दुसरी राजभाषा व्हावी, इथवर कागद पोहोचले आहेत. कागद पुष्कळ आहेत. पण प्रत्येक कागदावर एक आकडा आहे, आणि आकडा आला की मोह आला.

तो मोह आमच्या बैठकीत एका जुन्या सहकाऱ्याच्या तोंडून बोलला. ही व्यक्ती स्वार्थी नव्हे. उभे आयुष्य चळवळीत गेलेले, पदरचे पैसे मोडलेले, कशाचीही अपेक्षा न ठेवलेले असे हे गृहस्थ. ते म्हणाले, “अहो, कोरकूंना मराठी लिहा. त्यांच्या लेकी मेळघाटात दिलेल्या, त्यांची पोरं धारणीकडे मराठीत शिकतात, बाजारात आपल्याशी मराठीच बोलतात. आपला टक्का भरतो आणि त्यांचं काही जात नाही.”

बैठकीत माना हलल्या. त्या का हलल्या हे समजून घेणे आवश्यक आहे. या भागातले मराठी कुटुंब म्हणजे पुष्कळदा दोन-चार एकरांचे शेतकरी, शिंपी, न्हावी, किराणा दुकानदार, किंवा नोकरीनिमित्त आलेला एखादा मास्तर. मुले हिंदी शाळेत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीला मराठी वाचता येत नाही. आजी पोथी वाचते आणि नातू ऐकतो. पुढे पोथी कोण वाचणार, हा प्रश्न घरोघरी आहे. अशा वेळी कुणी म्हणाले की केवळ एका रकान्यात एक शब्द लिहिल्याने शाळा उघडेल, तर त्याला सरळ नाही म्हणणे सोपे नसते. सोयीचा मार्ग नेहमी दुष्ट माणसेच सुचवतात असे मानणे हा भाबडेपणा आहे. बहुधा तो मार्ग आपल्याच बाजूची, दमलेली आणि प्रामाणिक माणसे सुचवतात.

त्या बैठकीत एक कोरकू तरुण बसला होता. बारावीपर्यंत शिकलेला, धारणीकडे मामाच्या घरी राहून वऱ्हाडी उत्तम बोलणारा. तो शेवटी एवढेच म्हणाला, “भाऊ, हिंदीवाले आम्हाले हिंदीत लिवतात. तुमी मराठीत लिवा. मंग कोरकू कोनी लिवाव?”

प्रथम भाषेचा प्रश्न घेऊ, कारण आमचा प्रांत तोच आहे. कोरकू ही मराठीची बोली आहे, असे आमच्यातले काहीजण मनापासून मानतात. कारण विचारले तर सांगतात की तिच्यात मराठी शब्द फार आहेत. आहेतच. शेजाऱ्याकडून शब्द घेणे हा भाषेचा स्वभाव आहे. आम्ही अर्ज लिहितो, त्यावर तारीख घालतो, सही करतो, वकिलाकडे जातो आणि फिर्याद गुदरतो. या एका वाक्यातली अर्ज, तारीख, सही, वकील, फिर्याद ही पाचही नामे अरबी-फारसीतून आलेली आहेत. म्हणून मराठी ही फारसीची बोली ठरत नाही. भाषेचे कूळ उसन्या शब्दांवरून ठरत नाही. ते तिच्या घरच्या शब्दांवरून, सर्वनामांवरून आणि क्रियापदांच्या घडणीवरून ठरते. कोरकूत जेवण्याला ‘जोम’ म्हणतात. हाच धातू संथाळीत आणि मुंडारीत, म्हणजे इथून हजार किलोमीटरवर झारखंडात, त्याच अर्थाने आहे. पाण्याला ‘डा’ म्हणतात, त्याचेही भाईबंद तिकडेच सापडतात. ‘कोरकू’ हे नावच पाहा: ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, कोरकू म्हणजे माणसे. ही मुंडा कुळातली अगदी पश्चिमेकडची भाषा होय. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात आहे आणि कोरकू चौथ्या खंडात, मुंडा व द्राविडी भाषांबरोबर. दोन्ही खंडांचे संपादन स्टेन कोनो या एकाच पंडिताने केले. १९०५ आणि १९०६ साली ते प्रसिद्ध झाले. सव्वाशे वर्षे होत आली, आणि आम्ही अजून बैठकीत बसून तिला बोली म्हणतो.

कोरकूची एक खूण आम्हांस विशेष प्रिय आहे. तिच्यात ‘आम्ही’ला एक शब्द नाही. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर ‘आबुंग’, ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तर ‘आले’. शिवाय दोघांपुरते बोलायचे असेल तर त्यासाठी आणखी दोन रूपे वेगळी, कारण तिच्यात द्विवचन जिवंत आहे. पुस्तकी हिंदीत या सगळ्यांना मिळून एक ‘हम’ पुरतो. मराठीत मात्र हा भेद आहे. ‘आपण जेवू या’ म्हटले की पाहुणा पाटावर बसतो, ‘आम्ही जेवतो’ म्हटले की तो उठून चपला शोधतो. दोन वेगळ्या कुळांच्या भाषा, पण हा विवेक दोघींनी राखला आहे. त्या सहकाऱ्यांच्या वाक्यात ‘आपला टक्का’ होता. तो ‘आपला’ कोरकूंना धरून होता की वगळून, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. टक्का भरताना ते आपल्यात होते. शाळा उघडल्यावर त्या शाळेतल्या फळ्यावर त्यांची भाषा असणार नव्हती. कोरकूत हे वाक्य बोलायचे ठरवले असते तर बोलणाऱ्याला ‘आबुंग’ की ‘आले’ हे आधी ठरवावे लागले असते. मराठीने त्यांना ती अडचण पडू दिली नाही, कारण ‘आपला’ हा शब्द मायेचाही आहे आणि मालकीचाही.

ही युक्ती नवी नाही, आणि ती आमच्यावरही चालवली गेलेली आहे. डांगची गोष्ट जुन्या वाचकांना आठवत असेल. १९४९ मध्ये मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई डांगात जाऊन आले, आणि तेथील लोकांची भाषा गुजराती असल्याचा निर्वाळा दिला गेला. संयुक्त महाराष्ट्रवाद्यांनी त्यावर रान उठवले. भाषा ठरवण्याचा अधिकार मंत्र्यांच्या दौऱ्याला कुणी दिला, असे विचारले. प्रश्न रास्त होता. पण आमच्या बाजूने उत्तर काय दिले गेले? डांगी ही गुजराती नव्हे, ती मराठी आहे! डांगी बोलणाऱ्या भिल्लाला, कोकण्याला, वारल्याला तुझ्या बोलीचे नाव काय, असे विचारण्याची गरज दोन्ही पक्षांपैकी फारशी कुणाला वाटली नाही. १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला आणि आम्ही त्या अन्यायाची आठवण ठेवली. ती ठेवावीच. पण त्या वादात भाषा ही दोन्हीकडून नकाशाची मोलकरीण होती, हेही लिहून ठेवले पाहिजे.

गोव्याची गोष्ट आम्हांस याहून बोचते, कारण तिथे मराठीला अशा युक्तीची गरजच नव्हती. गोव्यात मराठी देवळात होती, कीर्तनात होती, नाटकात होती, शाळेत आणि वर्तमानपत्रांत होती. गोमंतकीयांनी ती शतकानुशतके सांभाळली होती आणि हा हक्क स्वयंसिद्ध होता. तो मांडून थांबता आले असते. त्याऐवजी विलीनीकरणाच्या बाजूने वारंवार सांगितले गेले की कोकणी ही भाषाच नव्हे, मराठीची बोली आहे. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञाचा कोकणीवरचा ग्रंथ १९४२ मध्येच निघालेला होता, पण सोयीच्या वेळी शास्त्र कोण वाचतो? १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. पराभवाची कारणे अनेक होती आणि सगळा भार एका विधानावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही, ज्याच्या आईच्या बोलण्याला तुम्ही भाषा म्हणायला तयार नाही, त्याच्याकडे तुम्ही मत मागायला गेलात, एवढे खरे. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली. आज गोव्यात मराठीचे रास्त म्हणणेही संशयाने ऐकले जाते. त्या संशयाला आमच्या पूर्वसूरींनी खतपाणी घातले, असे आमचे मत आहे, आणि ते अनेक मराठी मित्रांना आवडत नाही हेही आम्ही जाणतो.

पंजाबात तर याच मोहाने जनगणनेचा एक तक्ताच निकामी केला. मातृभाषा कोणती लिहायची हा धर्माचा आणि राजकारणाचा प्रश्न झाला. पंजाबी बोलणाऱ्या असंख्य हिंदू कुटुंबांनी हिंदी लिहवली. अखेर १९५१ मध्ये तेथे हिंदी, पंजाबी, उर्दू, पहाडी यांचे आकडे वेगळे न देता एकत्रच द्यावे लागले.

आता हिंदीकडे येऊ, कारण आमचे सर्व गाऱ्हाणे तिच्याविषयी असते. २०११ च्या जनगणनेत हिंदीचे भाषक सुमारे ५२ कोटी ८३ लाख आहेत. पण त्यांतले ज्यांनी मातृभाषा ‘हिंदी’ अशी सांगितली ते सुमारे ३२ कोटी २२ लाख. उरलेले वीस कोटींहून अधिक लोक भोजपुरी, राजस्थानी, छत्तीसगढी, निमाडी अशा पन्नासांहून अधिक नावांचे आहेत, आणि त्यांना हिंदीच्या छत्राखाली बसवलेले आहे. आमची शेजारीण निमाडी त्यांतलीच. तिचे सुमारे २३ लाख भाषक हिंदीच्या बेरजेत जमा आहेत. या बेरजेची थट्टा आम्ही मराठी लोक मोठ्या आवडीने करतो. व्याख्यानांतून हे आकडे सांगितले की टाळ्या पडतात; आम्हीही सांगितले आहेत आणि टाळ्या घेतल्या आहेत. हीच जनगणना खानदेशीला, म्हणजे अहिराणी धरून सुमारे १८ लाख ६० हजार लोकांना, मराठीपासून वेगळे मोजते. मग मात्र आमच्यातल्या काहींची टाळी थांबते आणि ‘आपले अठरा लाख कमी केले’ अशी तक्रार सुरू होते. कोरकू वेगळी मोजली जाते, सुमारे ७ लाख २७ हजार. ती आठव्या अनुसूचीत नाही. तिच्यासाठी भांडणारे राज्य नाही, कारण तिचे लोक मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांत वाटले गेले आहेत आणि कुठेच बहुसंख्य राज्य करू शकत नाहीत. तिच्याजवळ जे काही आहे ते हा जनगणनेतला रकानाच. आम्हांला तोच उसना हवा होता.

आमच्या सहकाऱ्यांनी यावर एक उत्तर दिले आणि ते हलके नव्हते. त्यांनी यशवंतराव चव्हाणांचे नाव घेतले. १९५५ च्या अखेरीस यशवंतरावांनी संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू असे सांगितले, तेव्हा महाराष्ट्र त्यांच्यावर संतापला. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले, तेव्हा त्याच महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. पण पुढे द्विभाषिकाचे मुख्यमंत्री कोण झाले, दिल्लीचे मन कुणी वळवले, आणि १ मे १९६० रोजी राज्य कुणाच्या हातून आले? सोयीने चालणारा पोहोचला, ताठ उभा राहणारा इतिहासात गेला, असा त्यांचा मुद्दा.

यावर आम्ही पुष्कळ विचार केला आणि हा मुद्दा पूर्ण खोडता येतो असा दावा करणार नाही. नीतीने वागले की यश मिळते, असे म्हणणारी माणसे एक तर कथेकरी असतात किंवा उमेदवार. देशमुखांचा राजीनामा नसता तर दिल्लीला मराठी मनाची खोली कळली असती का, रस्त्यावर शंभरांहून अधिक माणसांनी प्राण दिले नसते तर यशवंतरावांच्या शिष्टाईला वजन आले असते का, हे प्रश्न विचारता येतात. पण त्यांची उत्तरे ज्याला जशी हवी तशी मिळतात. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे. यशवंतरावांनी जे पणाला लावले ते त्यांचे स्वतःचे होते: त्यांचे नाव, त्यांची लोकप्रियता, त्यांच्या पक्षाचे भवितव्य. देडतलाईत आम्ही जे पणाला लावणार होतो ते आमचे नव्हते. दुसऱ्याची भाषा गहाण ठेवून केलेल्या तडजोडीला मुत्सद्देगिरी म्हणणे आम्हांला जमत नाही.

आणि एक गोष्ट अशी की जिच्याकडे आम्ही सीमाभागातले लोक सहसा पाठ करून बसतो. इकडे मराठी मुलाला हिंदी शाळेत बसावे लागते म्हणून आम्ही कळवळतो. सरहद्द ओलांडून धारणीत, चिखलदऱ्यात जा. तिथे पहिलीच्या वर्गात कोरकू मूल बसलेले आहे आणि समोर मराठी पुस्तक आहे. घरी ‘डा’ म्हणणाऱ्या मुलापुढे ‘पाणी’ लिहिलेले आहे, आणि शिकवणारा बहुधा सपाटीवरून आलेला. ते मूल मराठी न बोलता गप्प बसते आणि गुरुजी त्याला मंद समजतात. मूल शाळेत का टिकत नाही याची कारणे मग कुपोषणात, स्थलांतरात, आईबापांच्या अज्ञानात शोधली जातात, आणि ती तिथे आहेतही. पण भाषेचे कारण सर्वांत स्वस्त उपायाचे असून सर्वांत शेवटी आठवते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो की शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे. ‘शक्यतोवर’ या शब्दाच्या आड बऱ्हाणपुरात हिंदी उभी राहते आणि मेळघाटात मराठी. आम्ही ज्या वेदनेचे निवेदन भोपाळला पाठवतो, तीच वेदना आमची भाषा तिथून काही मैलांवर दुसऱ्यांना देत असते. अशा स्थितीत कोरकूंना मराठी म्हणून नोंदवणे म्हणजे मेळघाटातला अन्याय इकडे आणून त्याला पुरावा म्हणून वापरणे होय. उद्या कुणी अधिकारी म्हणाला की तुमच्या गावातले कोरकू कागदावर मराठी असतील तर त्यांना मराठी शाळा दिली की झाले, तर त्या तरुणाच्या पुढच्या पिढीला कोरकू अक्षर कधी दिसणार?

बेळगावच्या बाबतीत महाराष्ट्राची भूमिका चार सूत्रांवर उभी आहे: गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रास यांची सीमा याच पाटसकर सूत्राने ठरवली गेली, हे आम्ही नेहमी सांगतो. मग ही सूत्रे उत्तरेसही लावली पाहिजेत. लावली तर या डोंगरपट्ट्यातल्या कित्येक पाड्यांवर ‘मराठी बहुसंख्या’ लिहिता येणार नाही. तिथे ‘कोरकू’ लिहावे लागेल. आमचा नकाशा त्यामुळे विरळ होईल. सलग भगव्या पट्ट्याऐवजी ठिपके उरतील: इथे एक बाजारगाव, तिथे चार वाड्या. त्या ठिपक्यांवर पंधरा टक्क्यांचे प्रमाण काही ठिकाणी भरेल, काही ठिकाणी भरणार नाही. जिथे भरणार नाही तिथली मराठी मुले याही वर्षी हिंदी शाळेत जातील. या निर्णयाची किंमत त्या मुलांनी मोजायची आहे, बैठकीत मान ताठ ठेवणाऱ्या आम्ही नव्हे. हे लिहिताना आमचा हात जड होतो.

तरीही निवेदन आम्ही बदलून लिहिले. कोरकू कुटुंबांच्या सह्या मराठी भाषक म्हणून घ्यायच्या नाहीत, असे ठरले. ज्यांना पाठिंबा द्यायचा आहे त्यांनी शेजारी म्हणून द्यावा, आणि तसा वेगळा कागद जोडला आहे. तिसरी मागणी नव्याने घातली: या गावांत पहिली-दुसरीला कोरकू जाणणारा शिक्षक असावा, मग शाळेचे माध्यम कोणतेही असो. आणि त्या निवेदनाची एक प्रत मुंबईला, महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाकडे, मेळघाटातील शाळांसाठी हीच मागणी करीत पाठवावी, असा ठराव आला. या शेवटच्या ठरावावर सर्वांत अधिक वाद झाला. ‘आपण महाराष्ट्राकडे मागायला जातो, तिथे त्यांचेच वाभाडे काढायचे का?’ असे विचारले गेले. वाभाडे नव्हेत. भोपाळला जे मागायचे तेच मुंबईला मागायचे, इतकेच.

राहिला जनगणनेचा रकाना. येत्या जनगणनेचा संदर्भ-दिनांक १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दाराशी येईल तेव्हा मातृभाषा विचारील. जनगणनेच्या व्याख्येत मातृभाषा म्हणजे लहानपणी आईने जी भाषा बोलली ती. आई लहानपणीच गेली असेल तर घरात प्रामुख्याने बोलली जाणारी. शाळेची भाषा नव्हे, बाजाराची नव्हे, ज्या राज्यात राहतो त्याची नव्हे. मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषाही नोंदवता येतात, आणि या सोयीचा उपयोग आमच्याकडे जवळजवळ कुणीच नीट करीत नाही. मराठी कुटुंबांनी, ‘सगळे हिंदीच लिहितात’ म्हणून हिंदी लिहवू नये. मराठी सांगावी आणि प्रगणकाने काय लिहिले ते पाहून घ्यावे. ज्यांच्या घरात अहिराणी आहे त्यांनी अहिराणी सांगावी, त्याने मराठीचे घर पडत नाही. निमाडी असेल तर निमाडी. कोरकू घरांनी कोरकू सांगावी, आणि येत असतील तर पुढच्या दोन जागी हिंदी व मराठी. त्या दुसऱ्या-तिसऱ्या जागी आलेली मराठी आम्हांला पुरेशी आहे; ती खरी असेल.

हे सारे एका पानाच्या पत्रकात छापायचे ठरले आहे. मराठी आणि हिंदी मजकूर तयार आहे. कोरकू मजकूर तो तरुण आणि त्याची मोठी बहीण देवनागरीत लिहीत आहेत. ‘मातृभाषा’ या शब्दाला कोरकूत काय म्हणावे यावर दोघांचे अजून एकमत झालेले नाही, आणि छापखान्याला आम्ही थांबायला सांगितले आहे. बदललेल्या निवेदनावर त्या जुन्या सहकाऱ्यांची सही अद्याप आलेली नाही. ते नाराज आहेत, पण परवा त्यांनी पत्रकाच्या कागदासाठी पैसे पाठवले.